शिशाचे नळ आणि जमिनीखालचा हिशेब

२०२४ सालच्या नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षीय निवडणुकीची धूळ अजून खाली बसायची होती तेव्हा, अमेरिकेतील लक्षावधी घरांच्या टपालपेटीत एक साधे सरकारी पत्र येऊन पडले. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीतून तुमच्या घरात पाणी आणणारा पाइप शिशाचा आहे, किंवा तो लोखंडी असला तरी शिशाच्या संपर्कात आलेला आहे, किंवा तो कशाचा आहे हे आम्हालाच ठाऊक नाही, अशा तीनपैकी एका मजकुराचे ते पत्र होते. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे देशातल्या प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेला १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आपल्या हद्दीतल्या घरजोडण्यांची यादी तयार करायची होती आणि यादी झाल्यावर तीस दिवसांत संबंधित घरांना कळवायचे होते. शिकागोच्या एका उपनगरात शंभरीला टेकलेल्या घरात राहणाऱ्या माझ्या भाचीला हे पत्र आले. तिने ते मला फोनवर वाचून दाखवले आणि मग विचारले, "मामा, आपल्याकडे असं पत्र आलं असतं का रे?"

प्रश्न सहज विचारलेला होता, पण उत्तर तितके सहज नाही. 'आपल्याकडे शिशाचे नळ फारसे नाहीत' असे सांगून तो उडवून लावता आला असता आणि ते खोटेही ठरले नसते. पण तिचा प्रश्न नळ कशाचे आहेत हा नव्हता. कोणाला तरी ते माहीत आहे का, आणि माहीत असले तर ते आपल्याला सांगितले जाईल का, हा होता.

शिसे आणि नळ यांचे नाते फार जुने आहे. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात आणि ज्याला आपण गळती काढायला बोलावतो त्या प्लंबरचे नाव त्यावरूनच आले. (आपल्या शिसपेन्सिलीत शिसे कधीच नव्हते, ते ग्रॅफाइट असते, शिसे राहिले ते प्लंबरच्या नावात!) रोमन लोक शिशाच्या नळांतून पाणी नेत. त्याच काळातला वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने मातीच्या नळांतले पाणी अधिक आरोग्यकारक असते असे लिहून ठेवले आणि पुरावा म्हणून शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवले. म्हणजे हे दुखणे नव्याने सापडलेले नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतली शहरे वाढली तेव्हा घरजोडणीसाठी शिसेच पसंत केले गेले. ते हवे तसे वाकते, लोखंडासारखे गंजत नाही, जमीन थोडी खचली तरी तुटत नाही आणि पन्नास-शंभर वर्षे टिकते. शिकागो शहराच्या बांधकाम नियमांत तर घरजोडणीचा पाइप शिशाचाच हवा अशी सक्ती होती आणि ती १९८६ साली केंद्रीय कायद्याने शिशाच्या पाइपांवर बंदी घालेपर्यंत टिकली. आज सुमारे चार लाख शिशाच्या जोडण्या त्या एका शहरात आहेत. देशभरात त्या सुमारे नव्वद लाख असाव्यात, असा २०२४ मधला सरकारी अंदाज होता. ब्रिटनने १९७० मध्येच ही पद्धत थांबवली, पण त्याआधीच्या घरांत ते नळ अजून आहेत.

एवढे सगळे असताना त्या देशांत माणसे पटापट आजारी का पडत नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढची सगळी कहाणी त्यावर उभी आहे. शिशाच्या नळातून वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे पाणी वाहत राहिले की आतून एक पापुद्रा धरतो. आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, तसाच. हा थर शिसे आणि पाणी यांच्यामध्ये पडद्यासारखा उभा राहतो. पाणी मऊ किंवा आम्लधर्मी असेल तर थर नीट बसत नाही. म्हणून पाणीपुरवठा केंद्रात चुना घालून पाण्याची आम्लता कमी करतात किंवा अत्यल्प प्रमाणात फॉस्फेट मिसळतात. फॉस्फेटमुळे हा पापुद्रा घट्ट होतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या तळ्याचे पाणी येते. स्फटिकासारखे स्वच्छ आणि अतिशय मऊ. त्या स्वच्छ पाण्याने शिशाचे नळ विरघळत राहिले आणि शंभरहून अधिक वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, तिथे चुना घालायला सुरुवात झाली. दिसायला निर्मळ पाणी निर्धोक असतेच असे नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा शिशाच्या नळाची सुरक्षितता नळात नसते. पाणी कसे ठेवले जाते त्यात असते, आणि पाणी ठेवणे माणसांच्या हातात असते. ती माणसे बदलली, त्यांचा हिशेब बदलला, की पापुद्रा सुटू लागतो.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात नेमके हेच झाले. सुमारे एक लाख वस्तीचे, बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे, मोटारींचे कारखाने गेल्यावर उतरणीला लागलेले हे शहर. चाळीस टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली. पालिकेचे दिवाळे निघाल्याने राज्य सरकारने तिथे प्रशासक नेमला होता. निवडून आलेल्या मंडळींना नावापुरताच अधिकार उरला होता. डेट्रॉइटकडून विकत घेतलेले ह्यूरॉन सरोवराचे पाणी महाग पडते, तेव्हा नवी जलवाहिनी होईपर्यंत गावातल्या फ्लिंट नदीचेच पाणी शुद्ध करून द्यावे, असे ठरले. २५ एप्रिल २०१४ रोजी समारंभपूर्वक कळ दाबून झडप बंद केली गेली आणि अधिकाऱ्यांनी नव्या पाण्याचे पेले उंचावून ते पिऊन दाखवले.

नदीचे पाणी सरोवराच्या पाण्यापेक्षा जास्त क्षारक होते, म्हणजे धातू खाणारे. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट असे. फ्लिंटमध्ये ते घालायचे राहिले, की घालण्याची गरज नाही असे ठरवले गेले, यावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाली. घातले गेले नाही एवढे खरे. त्याचा खर्च नंतर दिवसाला सुमारे शंभर डॉलर सांगितला गेला. थोड्याच आठवड्यांत लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येऊ लागले. अंगावर पुरळ, केस गळणे, पाण्याला वास. उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्यात जंतू सापडले म्हणून पाणी उकळून प्या असे फर्मान निघाले. जंतू मारायला क्लोरिन वाढवले, त्याने पाणी आणखी क्षारक झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे बंद केले, कारण इंजिनाचे सुटे भाग गंजू लागले होते. कारखान्याला दुसरे पाणी मिळाले. इंजिनाला न चालणारे पाणी माणसांना मात्र आणखी वर्षभर चालवून घ्यावे लागले.

हे उघडकीस आणले ते तीन-चार माणसांनी, आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिली होती ली-ॲन वॉल्टर्स, चार मुलांची आई. २०१५ च्या फेब्रुवारीत तिच्या घरच्या नळाच्या पाण्यात शिसे निघाले लिटरला १०४ मायक्रोग्रॅम, मार्चमध्ये ३९७. कारवाईची सरकारी मर्यादा तेव्हा १५ होती. केंद्राच्या पर्यावरण संस्थेतला मिगेल डेल टोरल नावाचा तज्ज्ञ तिच्या घरी गेला आणि जूनमध्ये त्याने शहरात फॉस्फेट घातलेच जात नाही असे टिपण लिहून वरिष्ठांना दिले. टिपण फुटले तेव्हा राज्याच्या प्रवक्त्याने लोकांनी निश्चिंत असावे असे सांगितले. मग व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आपल्या विद्यार्थ्यांना आणि नमुन्यांच्या बाटल्यांना घेऊन तिथे आले. वॉल्टर्स यांच्या घरच्या एका नमुन्यात त्यांना १३,२०० मायक्रोग्रॅम शिसे सापडले. पाच हजारांच्या वर गेलेल्या पाण्याची गणना तिथे धोकादायक कचऱ्यात होते. शेवटी बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी आपल्या रुग्णालयातल्या मुलांच्या रक्ततपासण्यांच्या नोंदी काढल्या आणि २४ सप्टेंबर २०१५ रोजी वार्ताहर परिषद घेऊन सांगितले, की रक्तात जास्त शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण पाणी बदलल्यापासून दुप्पट झाले आहे: २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्के. त्यांच्यावर आधी टीका झाली. मग राज्याने आपलेच आकडे पुन्हा तपासले, आणि १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले.

म्हणजे एक गृहिणी, एक खालच्या पायरीवरचा अधिकारी, एक बाहेरगावचा प्राध्यापक आणि एक डॉक्टर. ज्या खात्याचे हे काम होते त्याने ते केले नाही, एवढेच नव्हे तर आकडे वाकवले. नमुना घेण्याआधी नळ काही मिनिटे वाहू द्या, अशा सूचना लोकांना दिल्या गेल्या होत्या; रात्रभर नळीत तुंबलेल्या ज्या पाण्यात शिसे जास्त असते, तेच त्यामुळे मोरीत जाते. २०१५ च्या अहवालातून दोन नमुने वगळले गेले आणि शहराचा आकडा मर्यादेच्या आत बसला. वगळलेल्यांत एक वॉल्टर्स यांच्या घरचा होता.

मर्यादेच्या आत म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेचा १९९१ चा नियम असा होता, की शहरातले निवडक नमुने चढत्या क्रमाने लावायचे आणि नव्वद टक्क्यांच्या टप्प्यावरचा नमुना पंधराच्या वर गेला तरच कारवाई करायची. उरलेल्या दहा टक्के घरांत काय आहे याला नियमात स्थान नव्हते. पंधरा हा आकडाही डॉक्टरांनी दिलेला नव्हता. पाणी प्रक्रियेने इतपत खाली आणणे व्यवहारात शक्य आहे, एवढाच त्याचा आधार होता. माझ्या भाचीने पत्र आल्यावर पाणी तपासून घेतले, तेव्हा अहवालात सात मायक्रोग्रॅम आले आणि पुढे 'मर्यादेच्या आत' असा शेरा होता. तिला हायसे वाटले. घरात सहा महिन्यांचे बाळ असलेल्या घराला तो शेरा किती लागू आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

कारण शिशाला आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित पातळीच नाही, याबद्दल आता जगभरच्या वैद्यकीय संस्थांत दुमत उरलेले नाही. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यातले शिसे मोजले, आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही जास्त शिसे म्हणजे कमी बुद्ध्यंक, कमी एकाग्रता, असे दाखवले. तेव्हापासून 'चिंतेची पातळी' सतत खाली येत गेली आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ती १९९१ मध्ये रक्ताच्या डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅम ठेवली होती, २०१२ मध्ये पाच केली, २०२१ मध्ये साडेतीन. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतो, लहान मुलाच्या बाबतीत तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि बाईला दिवस राहिले की हाडांतले ते शिसे पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचते. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. पाच वर्षांखालील सदुसष्ट टक्के मुले रक्तक्षयी असलेल्या आपल्या देशात, आणि हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे, हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे. ताप नाही, उलटी नाही, दुखणे नाही. मूल अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणून ओरडतो.

फ्लिंटचा पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. जंतूंमुळे होणाऱ्या लीजिओनेअर्स या फुप्फुसाच्या आजाराने त्या काळात किमान बारा माणसे दगावली. २०२१ मध्ये ६२ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड न्यायालयाने मान्य केली. बड्या अधिकाऱ्यांवरचे फौजदारी खटले २०२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर मोडीत काढले आणि २०२३ मध्ये सरकारी वकिलांनी नाद सोडला. तुरुंगात कोणी गेले नाही. सुमारे अकरा हजार शिशाचे पाइप उपटून काढण्याचे काम पुरे व्हायला २०२५ चा जुलै उजाडला. रोज शंभर डॉलर वाचले होते.

फ्लिंट गरीब होते, दुबळे होते, म्हणून तसे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून राजधानीचे उदाहरण. वॉशिंग्टनमध्ये २००० च्या अखेरीस क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरणे सुरू झाले, उद्देश चांगला होता: क्लोरिनमुळे तयार होणारी घातक रसायने कमी व्हावीत. त्या बदलाने नळांतला पापुद्रा विरघळला. शिसे वाढले, पाणी खात्याला ते कळले, आणि लोकांना ते जानेवारी २००४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मधून समजले. संसदेपासून चार पावलांवरच्या घरांची ही गत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने नवा नियम केला. कारवाईची मर्यादा पंधरावरून दहावर आणायची आणि २०२७ च्या नोव्हेंबरपासून दहा वर्षांत सगळे शिशाचे पाइप काढायचे; शिकागोसारख्या जास्त जोडण्यांच्या शहरांना अधिक मुदत. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात यासाठी पंधरा अब्ज डॉलरची तरतूद झाली होती, ती पुरणारी नाही हे सगळेच जाणतात. पाणीपुरवठादारांच्या संघटनेने नियमाला २०२४ सालीच न्यायालयात आव्हान दिले. त्यातला खरा तिढा मालकीचा आहे. जलवाहिनीपासून आवाराच्या कडेपर्यंतचा पाइप शहराचा आणि तिथून आतला घरमालकाचा, अशी बऱ्याच ठिकाणी विभागणी आहे. शहराने आपला तुकडा बदलला आणि मालकाने पैसे नाहीत म्हणून आपला ठेवला, तर कापाकापीने हललेल्या जुन्या तुकड्यातून काही काळ उलट जास्त शिसे सुटते. नेवार्क शहराने हा तिढा सोडवून दाखवला. २०१९ ते २०२२ या तीनेक वर्षांत तेवीस हजारांवर पाइप बदलले, घरमालकाला एक पैसाही न लावता, आणि मालक परगावी असला, भाडेकरूच राहत असला, तरी काम करता येईल असा ठराव करून. 'तुझे-माझे' मिटवले की काम किती भराभर होते, याचा हा नमुना आहे, आणि आपल्याकडच्या घरमालक-भाडेकरू-पालिका या त्रिकुटाला तो माहीत असावा.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शहरांत घरजोडणीला मुख्यतः लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप वापरला गेला, आणि गेल्या काही दशकांत पीव्हीसी. म्हणजे शिकागोतला प्रश्न जसाच्या तसा मुंबई-पुण्यात नाही, आणि तसा तो आहे असे भासवून वाचकांना घाबरवणे मला मान्य नाही. पण शिसे आपल्या नळांतून अगदीच हद्दपार होते असेही नाही. बिडाच्या जुन्या जलवाहिन्यांचे सांधे ताग ठोकून वर वितळलेले शिसे ओतून भरले जात. जीआय पाइपचे आटे बसवताना प्लंबर सुतळीला जो सफेदा फासत आले, तो मुळात शिशाचाच पांढरा रंग. पितळी तोटी यंत्रावर नीट कातता यावी म्हणून पितळात थोडे शिसे मिसळलेले असते; अमेरिकेने २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या तोट्यांत ते पाव टक्क्यावर आणून ठेवले आहे. आणि पीव्हीसी! हे प्लास्टिक तयार होताना उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत होती. त्याविरुद्ध केंद्र सरकारने नियम केले ते २०२१ साली. तोपर्यंत किती पाइप जमिनीत आणि भिंतीत गेले याचा हिशेब करून पाहा.

शिवाय आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. सकाळी दोन तास, संध्याकाळी तास, काही गावांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी. एरवी ते नळीत तुंबून असते आणि शिसे पाण्यात उतरते ते तुंबलेल्या वेळातच. आपल्या आया-आज्या नळाला पहिले आलेले पाणी बादलीत धरून भांड्यांना, झाडांना वापरत आणि मग कळशी लावत. त्यांना ते गढूळ दिसे म्हणून, पण पद्धत शास्त्रशुद्ध होती.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमहून, म्हणजे दहा मायक्रोग्रॅमहून, जास्त नसावे. १९९१ च्या मानकात ही मर्यादा पाचपट सैल होती. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे दहा टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम शिसे टाका, इतके. मानक कडक आहे, पण ते पाळणे पालिकांवर बंधनकारक नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राजधानीच्या शहरांतल्या नळाच्या पाण्याचा तौलनिक अहवाल काढला, त्यात मुंबईचे सर्व नमुने उत्तीर्ण झाले आणि दिल्लीचे सगळे नापास. आम्हा मुंबईकरांची कॉलर त्या आठवड्यात ताठ होती, आणि व्हायलाही हवी; भातसा-वैतरणेचे पाणी इतक्या दुरून आणून स्वच्छ देणे ही लहान गोष्ट नाही. पण नमुने होते दहा. जंतूंचा किंवा क्षारांचा अंदाज दहा नमुन्यांवरून काही अंशी येतो. शिसे घरोघर वेगळे असते. एका जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांत वेगळे, एकाच घरात स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या नळाला वेगळे.

पालिकांचे लक्ष जंतूंवर असते, वॉर्डातला माणूस ओटी टेस्टची बाटली घेऊन पिवळा रंग पाहून जातो, आणि ते योग्यच आहे. कावीळ आणि जुलाब आठवड्यात माणूस झोपवतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती. जंतूंना पहिला मान द्यावा याबद्दल वाद नाही. पण पहिल्यानंतर दुसरा क्रमांकही असतो आणि तो कधी येतच नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे पाच मायक्रोग्रॅमच्या वर आहे, आणि अशी सर्वांत जास्त मुले भारतात आहेत. त्याला नळ हे मुख्य कारण नाही. गल्लीबोळात फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, जुने रंग, रंग खुलावा म्हणून हळदीत घातले जाणारे लेड क्रोमेट, कथलात शिसे मिसळून केलेली स्वस्त कल्हई हे मोठे गुन्हेगार आहेत. मात्र पाण्याचे तसे नाही, की हा ब्रँड सोडून दुसरा घेतला. शिवाय पाइप एकदा भिंतीत गेला की तो पुढच्या पन्नास वर्षांचा निर्णय असतो. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा ग्रामीण भारतात सव्वातीन कोटी घरांत नळ होता, आज ती संख्या पंधरा कोटींच्या पुढे आहे. बारा कोटी नव्या जोडण्या पाच-सहा वर्षांत! एवढ्या घाईने घातलेल्या पाइपांत काय आहे याची जोडणीनिहाय यादी आत्ताच केली तर ती स्वस्तात होईल. अमेरिकेत शंभर वर्षांनी ती करताना खात्यांना रस्ते खणावे लागले, जुनी कार्डे चाळावी लागली, आणि तरीही लक्षावधी घरांपुढे 'ठाऊक नाही' असेच लिहावे लागले. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी हेच दिले: आपल्याकडे पत्र येणार नाही, कारण यादीच नाही.

घरातल्या घरात काय करता येईल, हे रविवारच्या पानावर सांगायलाच हवे. पाणी उकळल्याने शिसे जात नाही. पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढते. बाळाचे दूध कालवायला गिझरचे गरम पाणी कधीही घेऊ नये, गरम पाणी धातू जास्त ओढते. तुरटी आणि साधा कँडल फिल्टर विरघळलेल्या शिशाला अडवत नाहीत. आरओ अडवतो, पण पाणी वाया घालवतो. आरओ विकायला येणारा मुलगा ग्लासात टीडीएस मीटर बुडवून जो आकडा दाखवतो, त्याचा शिशाशी काही संबंध नाही. ते मीटर मिलिग्रॅममध्ये शेकड्यांनी मोजते आणि आपण बोलतो आहोत ते मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाबद्दल. ऐंशीचा आकडा दाखवणाऱ्या पाण्यात शिसे असू शकते आणि पाचशेच्या पाण्यात नसू शकते. तोटीच्या टोकाची जाळी अधूनमधून काढून झटकावी, तिच्यात कण साचतात.

आमच्या सोसायटीत सध्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. फरशी कोणती, पार्किंग कोणाला, लिफ्ट कोणत्या कंपनीची, यावर रात्री अकरापर्यंत खल होतो. पाइपचा विषय मी काढला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "काका, ते बिल्डर बघेल." मी तिघांना हाताशी धरून एक अर्ज दिला आहे. त्यात मागितले आहे ते असे: पिण्याच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाइप असेल तर त्यावर आयएस ४९८५ ही खूण आणि शिसेविरहित असल्याचे कंपनीचे पत्र, सांधे भरायला सफेदा नको, तोट्यांच्या पितळात शिसे किती ते लेखी, आणि ताबा घेण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावरच्या एका घरातून, रात्रभर नळ बंद ठेवून पहाटे धरलेल्या पहिल्या लिटराची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली तपासणी, जंतू आणि क्षारांबरोबर शिशासाठीही. पुढची सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर हा अर्ज 'ऐनवेळचे विषय' या सदरात शेवटून दुसरा आहे, गणपतीच्या वर्गणीच्या नंतर.